फ्लिप उघडली की स्क्रीन गायब: फ्लेक्स बदलूनही तोच बिघाड परत का येतो?

फ्लिप फोन मिटलेला असताना सगळं ठीक असतं. बाहेरच्या छोट्या स्क्रीनवर वेळ दिसते, रिंग वाजते, फोन थरथरतो. फ्लिप, म्हणजे वरचा घडीचा भाग, उघडायला लागलं की आतली स्क्रीन उजळते, चित्र येतं, आणि फोन कानाला लावायच्या आत ती पांढरीफटक पडते. फ्लिप थोडी मागे घेतली की चित्र परत हजर. मग आपण तो नेमका कोन शोधून फोन तसाच अर्धवट उघडा धरायला लागतो. हळूहळू तो कोन अरुंद होत जातो आणि एक दिवस सापडेनासाच होतो.

पुढचं ठरलेलं असतं. ‘डिस्प्ले गेला’ असं निदान होतं, डिस्प्ले बदलला जातो, फोन काही काळ नीट चालतो आणि मग पुन्हा तेच. कधी फ्लेक्ससुद्धा (खालच्या भागातून फ्लिपमध्ये वीज आणि संदेश नेणारी पातळ पट्टी) बदललेली असते, तरी बिघाड परत येतो. सुरुवातीच्या काळातले फ्लिप फोन जपणाऱ्या, अजून वापरणाऱ्या लोकांना सगळ्यात जास्त छळणारा त्रास हाच आहे आणि चांगले चालू शकणारे फोन त्यापायी कायमचे बाजूला पडतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं. फ्लिपच्या कोनाबरोबर बदलणारा बिघाड डिस्प्लेचा नसतो, बहुधा बिजागरीतून जाणाऱ्या फ्लेक्सचा असतो. आणि नवी फ्लेक्स टाकूनही तो परत आला, तर नव्या फ्लेक्सला दोष देण्याआधी ती बिजागरीत कशी बसवली आहे आणि बिजागरी स्वतः कोणत्या अवस्थेत आहे ते पाहायला हवं.

एवढ्याशा फ्लिपमध्ये काय काय असतं

१९९६ साली मोटोरोलाचा स्टारटॅक आला तेव्हा ८८ ग्रॅमचा, घडी घालून खिशात मावणारा फोन ही मोठी गोष्ट होती. पुढच्या काही वर्षांत याच आकारात रंगीत स्क्रीन आली, बाहेरची दुसरी स्क्रीन आली, कॅमेरा आला, फोन मिटलेला असतानाही ऐकू येईल असा स्पीकर आला. २००४ चा रेझर व्ही३ मिटल्यावर १३.९ मिलिमीटर जाडीचा होता आणि त्याच्या फ्लिपमध्ये दोन्ही स्क्रीन, कॅमेरा आणि इअरपीस होते. प्रोसेसर, रेडिओ, सिम आणि बॅटरी मात्र बहुतेक मॉडेलांत खालच्या भागात. म्हणजे फ्लिपमधल्या प्रत्येक वस्तूची वीज आणि प्रत्येक संदेश बिजागरीतून वर न्यावा लागतो आणि ते सगळं काम एक अरुंद पट्टी करते.

ही पट्टी म्हणजे फ्लेक्स. पिवळसर तपकिरी पॉलिइमाइडच्या फिल्ममध्ये तांब्याच्या बारीक रेघा दाबून बसवलेल्या असतात. त्यात आतल्या स्क्रीनचा डेटा नेणाऱ्या आठ किंवा सोळा लाइन असतात, लिहिण्या-वाचण्याच्या आणि रीसेटच्या लाइन असतात, बॅकलाइटचा पुरवठा, इअरपीसच्या दोन तारा, बाहेरच्या स्क्रीनच्या लाइन, कॅमेरा वर असेल तर त्याच्याही, आणि शिवाय ग्राउंड. यातली कोणती रेघ तुटली यावर बिघाडाचं रूप ठरतं. एकाच बिघाडाची इतकी वेगवेगळी लक्षणं दिसतात ती यामुळेच.

तांब्याचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहिलं की ते आधी कडक होतं आणि मग चिरतं. फ्लेक्समधली चीर इतकी बारीक असते की एका कोनात तिची दोन टोकं एकमेकांना टेकलेली राहतात आणि दुसऱ्या कोनात सुटतात. फोन अर्धा उघडा असताना चालतो आणि पूर्ण उघडला की बंद पडतो तो यामुळे.

लक्षणावरून लाइन ओळखा

फोन खोलण्याआधी दहा मिनिटं नुसतं निरीक्षण करा. फ्लिप अगदी सावकाश उघडा, मिटवा, आणि नेमकं काय जातं ते पाहा.

स्क्रीन पांढरी पडली, पण उजेड आहे: बॅकलाइटची वीज पोहोचतेय, डेटाची किंवा रीसेटची लाइन तुटतेय. त्या काळच्या बऱ्याच रंगीत टीएफटी पॅनेलना काहीच संदेश मिळाला नाही तर ती उजेड आरपार जाऊ देतात, म्हणून पडदा कोरा पांढरा दिसतो.

स्क्रीन काळी पडली: खोलीत अंधार करून टॉर्च तिरकी धरा. काळ्या पडद्यावर पुसट मेनू दिसला तर चित्र येतंय, फक्त बॅकलाइटची लाइन गेलीय. काहीच दिसलं नाही तर पुरवठा किंवा ग्राउंड तुटलंय असं समजा. अशा वेळी बाहेरची स्क्रीनही बहुधा सोबतच जाते.

चित्र दिसतंय, पण रंग भलतेच आहेत, चेहरे हिरवे-जांभळे, सलग रंगाच्या जागी पट्टे: डेटाच्या लाइनपैकी एखादी तुटली आहे.

चित्र उत्तम, पण समोरच्याचा आवाज तुटतोय: कॉल चालू असताना स्पीकरफोन लावा. मोठा स्पीकर खालच्या भागात असलेल्या मॉडेलांत स्पीकरफोनवर आवाज स्वच्छ आला आणि इअरपीसमध्ये कोनानुसार येत-जात राहिला, तर इअरपीसची लाइन गेलेली आहे. हे लक्षण पुष्कळदा सगळ्यात आधी दिसतं आणि लोक नेटवर्कला बोल लावून मोकळे होतात. याच टप्प्यावर लक्ष दिलं तर पुढचा बराच त्रास वाचतो.

फ्लिप उघडताच फोन बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो: याला गंभीरपणे घ्या. फिल्म फाटून आतली एखादी लाइन बिजागरीच्या धातूला किंवा शेजारच्या लाइनला टेकत असू शकते. पुरवठ्याची लाइन अशी शॉर्ट होत राहिली तर बोर्डावरचा रेग्युलेटर (ठरावीक व्होल्टेज पुरवणारा भाग) जाऊ शकतो, आणि मग नुसत्या फ्लेक्सने भागत नाही. असा फोन बॅटरी काढून ठेवून द्या आणि फ्लेक्स हातात आल्यावरच पुन्हा चालू करा.

आता डिस्प्लेच दोषी असतो ती लक्षणं. एखादी बारीक उभी किंवा आडवी रेघ, जी फ्लिप कशीही फिरवली तरी जागची हलत नाही. शाई सांडल्यासारखा पसरत जाणारा काळा डाग. कोपऱ्यातून निघालेला तडा. यांचा कोनाशी काही संबंध नसतो. अशा वेळी डिस्प्ले जरूर बदला.

फ्लेक्ससारखे दिसणारे दोन वेगळे बिघाड

पहिला फ्लिप ओळखणाऱ्या सेन्सरचा. फ्लिप उघडी आहे की मिटलेली हे फोनला कळावं म्हणून फ्लिपमध्ये एक चिमुकला चुंबक आणि खालच्या बोर्डावर चुंबक जवळ आला की ओळखणारा हॉल सेन्सर असतो. काही मॉडेलांत त्याऐवजी काचेच्या नळीतला रीड स्विच किंवा दाबला जाणारा साधा खटका असतो. सेन्सरने चुकून ‘मिटली’ असं सांगितलं की फोन आतली स्क्रीन बंद करतो.

हे फ्लेक्सपासून वेगळं कसं ओळखायचं? कीपॅडकडे पाहा. फ्लेक्स तुटलेली असेल तर स्क्रीन जाते, पण कीपॅडचा उजेड तसाच राहतो, कारण कीपॅड खालच्या भागात आहे, त्याचा बिजागरीशी संबंध नाही. कॉलही चालूच राहतो. सेन्सरचा घोटाळा असेल तर फोनला वाटतं आपल्याला मिटवलं, म्हणून कीपॅडचा उजेड विझतो आणि चालू कॉलही कटतो. ही एक खूण नीट पाहिली तर अर्धं निदान तिथेच होतं.

खात्री करायची तर फोन उघडा ठेवून एक छोटा चुंबक कीपॅडच्या कडेकडेने हळूहळू फिरवा. एका ठरावीक जागी स्क्रीन विझली आणि चुंबक दूर नेताच परत आली तर सेन्सर शाबूत आहे. मग आजूबाजूला चुंबक कुठे आहे ते पाहा. पाउचचं चुंबकी बटण, बॅगेची पट्टी. उलट प्रकारही होतो. फ्लिप मिटली तरी आतला उजेड जळत राहतो आणि बॅटरी उतरते. आधी दुरुस्ती झालेल्या फोनमध्ये असं दिसलं तर फ्लिपमधला चुंबक जागेवर आहे का ते आधी पाहा. तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि फ्लिप उघडताना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटून सहज निघून जातो.

दुसरा बिघाड बॅटरीचा. कॉल लावताच किंवा उचलताच फोन बंद पडतो आणि आपण तेव्हाच फ्लिप उघडलेली असल्यामुळे संशय फ्लिपवर जातो. जीएसएम फोन सलग प्रक्षेपण करत नाही. सुमारे ४.६ मिलिसेकंदांच्या प्रत्येक चौकटीत ०.५७७ मिलिसेकंदांचा एक झोत सोडतो, आणि ९०० मेगाहर्ट्झवर तो झोत जास्तीत जास्त २ वॅटचा असतो. तेवढ्या क्षणात बॅटरीतून दीड-दोन अँपिअरपर्यंत करंट ओढला जाऊ शकतो. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे झोताच्या वेळी व्होल्टेज कोसळतं आणि फोन विझतो. चार्जिंगची कांडी पूर्ण दिसत असली तरी हे होतं. यात फ्लिपचा कोन काहीही ठेवा, फरक पडत नाही. बॅटरीचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहा. बॅटरी फुगलेली असेल तर पुसत बसू नका, ती वापरायची नाही.

नेटवर्कच सापडत नसेल तर तो या लेखाचा विषय नाही. अनेक ठिकाणी टूजी बंद झालंय, आणि तिथे फक्त टूजी समजणारा फोन कितीही धडधाकट असला तरी सिग्नल दाखवणार नाही. फ्लेक्सवर खर्च करण्याआधी एवढं मात्र तपासून घ्या.

फोन खोलण्याआधी नंबर वाचवा

एखाद्या कोनात स्क्रीन अजून दिसतेय तोवर फोनमधले नंबर सिमवर कॉपी करा. या फोनना बॅकअप वगैरे माहीत नसतो. सिमवर साधारण २५० नंबर मावतात, लांब नावं कापली जातात आणि एका नावाखालचे दोन-तीन नंबर वेगवेगळ्या नोंदी होतात, पण तेवढ्या मर्यादेत नंबर सुटत नाही. फोटो मात्र सिमवर जाणार नाहीत आणि संदेशही मोजकेच मावतात. केबल, इन्फ्रारेड किंवा ब्लूटूथ असेल तर ते आताच काढून घ्या.

स्क्रीन पूर्ण गेली असेल तरी वाट आहे. या पिढीतले बरेचसे फोन केबलने किंवा इन्फ्रारेडने संगणकाला जोडले की मोडेम म्हणून ओळखले जातात, आणि मोडेमला देतात त्या एटी कमांडने फोनबुक वाचता येतं. स्क्रीन न पाहता हे काम होतं. त्यासाठी फोन चालू हवा आणि पिन कोड मागत नसावा, एवढंच.

आधी बिघाड सिद्ध करा

बॅटरी आणि सिम काढा. स्क्रू रबराच्या छोट्या बुचांखाली किंवा स्टिकरखाली लपलेले असतात आणि बहुधा टॉर्क्स टी५ किंवा टी६ चे असतात. चपट्या टोकाने ते फिरवायचा प्रयत्न करू नका, डोकं झिजलं की पुढचं सगळं अडतं. कडा उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी घ्या. फ्लिपवरची शोभेची पाटी चिकटवलेली असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने कोमट करून हळूच सोडवा.

फ्लेक्सच्या दोन्ही टोकांना कनेक्टर असतात. काही सरळ वर उचलायचे, काहींना आधी खटका उघडायचा आणि मग पट्टी मागे ओढायची. ओढण्याआधी नीट पाहून ठरवा. संपर्कांवर हिरवट-काळपट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा बसवा.

इथे बहुतेकांची फसगत होते. कनेक्टर काढून परत बसवला की पुष्कळदा फोन एकदम चालायला लागतो. वाटतं, नुसता संपर्क सैल होता. पण कनेक्टर काढता-घालताना आख्खी फ्लेक्स केसभर सरकते, चिरेची टोकं नव्या जागी टेकतात आणि फोन काही दिवस चालतो. ‘डिस्प्ले बदलला तेव्हा नीट झालं होतं’ हा अनुभवही असाच. एकतर त्या डिस्प्लेसोबत फ्लेक्स जोडलेलीच आली होती, नाहीतर जुनीच हलली होती. म्हणून फोन चालू झाला हा पुरावा मानू नका.

पुरावा मिळतो तो मल्टिमीटरवर. फ्लेक्स पूर्ण बाहेर काढा आणि भिंगाखाली पाहा. बिजागरीतून जाणाऱ्या भागावर आडवी, मळकट किंवा पांढरट सुरकुती दिसली तर बिघाड बहुतेक तिथेच आहे. मग मीटर कंटिन्युइटीवर (लाइन अखंड असेल तर बीप देतो त्या जागी) ठेवा, टोकांना शिवणाच्या सुया जोडा (कनेक्टरच्या पिना अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने असतात, मीटरची जाड टोकं एकाच वेळी दोन पिनांना लागतात) आणि एका टोकाची पिन आणि दुसऱ्या टोकाची तीच पिन धरून बीप येतो का पाहा. बीप चालू असतानाच दुसऱ्या कुणाला तरी ती पट्टी पेन्सिलभोवती सावकाश गुंडाळायला आणि सोडायला सांगा. बीप अखंड राहिला तर ती लाइन चांगली. मध्ये तुटला, खरखरला, तर सापडली. एकच पिन तपासून थांबू नका, कारण चीर कडेकडून सुरू होते आणि कडेच्या लाइन आधी जातात.

नवी फ्लेक्स आणि बिजागरी

नवी फ्लेक्स घेताना मॉडेलचं नाव पुरेसं नाही. जुन्या फ्लेक्सवर छापलेला क्रमांक आणि त्यापुढचं आवृत्तीचं अक्षर जुळवा. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत कनेक्टर तोच आणि पिनांची मांडणी वेगळी असं होऊ शकतं.

मग ती हातात घेऊन पाहा. चांगल्या फ्लेक्समध्ये बिजागरीत वळणाऱ्या भागातले थर एकमेकांना चिकटवलेले नसतात, वहीच्या पानांसारखे सुटे असतात. त्यामुळे वळताना ते एकमेकांवरून सरकतात आणि तांब्यावर ताण कमी येतो. स्वस्त नकलेत सगळे थर एकत्र चिकटवलेले असतात, पट्टी जाड आणि ताठ लागते. तांब्यातही फरक आहे. सतत वळणाऱ्या जागी लाटून मऊ केलेली तांब्याची फॉइल वापरतात, कारण ती वाकणं जास्त सोसते. विजेच्या साहाय्याने थर चढवून बनवलेलं तांबं स्वस्त असतं आणि लवकर चिरतं. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण ताठपणा हाताला लगेच कळतो. एका टोकाला धरल्यावर पट्टी मऊपणे खाली लवायला हवी.

एवढी चांगली फ्लेक्स टाकूनही बिघाड परत येतो, कारण बसवताना तिचा वेढा चुकतो. यावर थोडं थांबतो, कारण सगळं इथेच आहे.

फ्लेक्ससाठी एक ढोबळ नियम आहे. एकदा वाकवून तशीच ठेवायची असेल तर तिच्या जाडीच्या सहा ते दहा पट त्रिज्येचं वळण चालतं. रोज हलणाऱ्या जागी हीच त्रिज्या जाडीच्या शंभर पट असावी. पट्टी ०.१ मिलिमीटर जाडीची धरली तरी १० मिलिमीटर त्रिज्या हवी. आता फोनची बिजागरी पाहा. सगळी नळीच मुळात काही मिलिमीटरची. म्हणजे नियमाने पाहिलं तर ही पट्टी इथे टिकायलाच नको.

ती टिकते ती वेढ्यामुळे. फ्लेक्स बिजागरीत सरळ दुमडून नेत नाहीत, तिला नळीत एक-दीड वेढा देऊन नेतात. समजा दीड वेढा आहे, म्हणजे ५४० अंशांचं वळण. फ्लिप उघडली की त्यात साधारण १६० अंशांची भर पडते किंवा घट होते. ही भर एका रेषेवर पडत नाही, पूर्ण वेढ्याच्या लांबीवर वाटली जाते. वेढा नुसता थोडा घट्ट किंवा सैल होतो. कोणत्याही एका जागचं तांबं सरळ आणि मग तीव्र वाकडं असं होत नाही. हाच वेढा बसवणाऱ्याने घाईत अर्ध्यावर आणला, उलट दिशेने दिला किंवा नळीत ढकलताना पट्टीला घडी पडली, की सगळी हालचाल त्या एका घडीवर येते. नवी कोरी फ्लेक्स, पण चिरायला फार दिवस लागत नाहीत.

म्हणून जुनी फ्लेक्स काढायच्या आधी तिचा मार्ग सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. नळीच्या टोकाकडून पाहून वेढे मोजा, दिशा लिहून ठेवा. आधी कुणीतरी चुकीची बसवलेली असेल अशी शंका असेल तर त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. त्यात फ्लेक्स कशी गुंडाळायची याचं चित्र बहुधा असतं. नवी पट्टी बोटांनी दाबून सरळ करू नका, तिला घडी घालू नका. ती पातळ काडीभोवती सैलसर गुंडाळायची, काडीसकट नळीत सरकवायची आणि काडी ओढून घ्यायची.

एका बाजूला स्प्रिंग आणि कॅमची (फ्लिप ठरावीक कोनात अडवणारा उंचसखल भाग) बिजागरी असते. तिचं टोक आत दाबलं की फ्लिप सुटते. दुसऱ्या बाजूने फ्लेक्स जाते. फ्लिप बसवल्यावर स्क्रू लावण्याआधी नळीच्या टोकातून टॉर्च मारा आणि फ्लिप अगदी सावकाश उघडा-मिटवा. वेढा आवळताना आणि सुटताना दिसला पाहिजे. तो कुठल्याही टोकाला ताणून सरळ होता कामा नये, फुगून भिंतीला घासता कामा नये. मगच बॅटरी लावून स्क्रीन पाहा. *#०६# दाबा. फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, दिसला की कीपॅड आणि स्क्रीन दोन्ही एकदमच तपासली जातात, सिमचीही गरज लागत नाही. तो आकडा पडद्यावर ठेवूनच फ्लिप हलवत राहा.

वेढ्याबाहेर पडताना फ्लेक्स दोन्ही बाजूंना दुहेरी चिकटपट्टीने बसवलेली असते. ही चिकटपट्टी लोक हमखास विसरतात. ती नसेल तर फ्लिपच्या प्रत्येक हालचालीबरोबर पट्टी खाचेतून पुढे-मागे ओढली जाते आणि खाचेच्या कडेवर करवतीसारखी कापली जाते. माझ्याकडे आलेल्या एका फोनमध्ये फ्लेक्स वारंवार तुटत होती आणि दर वेळी त्याच जागी. वेढा बरोबर होता, पट्टीही चांगली होती. भिंगाखाली खाचेची कड पाहिली तर प्लॅस्टिकचा एक चिमुकला काटा वर आलेला होता, आधी कधीतरी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याचा. जुन्या पट्टीवरचा काप त्या काट्यासमोरच येत होता. बारीक पॉलिश पेपरने कड गुळगुळीत केली, भुसा फुंकून काढला, चिकटपट्टी लावली आणि तो त्रास संपला. तेव्हापासून नवी फ्लेक्स घालण्याआधी खाचेच्या कडेवरून कापूस फिरवून पाहतो. धागा अडकला तर तिथे काम बाकी आहे.

बिजागरीचा ढिलेपणा हे परत येणाऱ्या बिघाडाचं दुसरं मोठं कारण. फोन उघडा ठेवून फ्लिप डावी-उजवीकडे हलवा. ती लटपटत असेल किंवा नळीच्या दिशेने सरकत असेल, तर फ्लेक्सला पीळ बसतो आणि पीळ हा वळणापेक्षा वाईट. नळीच्या मुळाशी, स्क्रूच्या खांबाजवळ केसासारखा तडा शोधा. पडलेल्या फोनमध्ये तो तिथेच असतो. तडा असेल तर बॉडी बदलल्याशिवाय फ्लेक्स बदलू नका. तडा जोडायला इन्स्टंट गोंद वापरू नका. तो वाहत नळीत जातो, वेढ्याला चिकटतो आणि त्याच्या वाफेने स्क्रीन आतून धुरकट होते. बिजागरी करकरते म्हणून तेल सोडणंही नको. तेल कनेक्टरपर्यंत पाझरतं आणि चिकटपट्टी सोडवतं. कॅमला सुईच्या टोकाएवढं सिलिकॉन ग्रीस पुरतं.

वापरताना मनगटाच्या झटक्याने फ्लिप उडवून उघडायचा मोह या फोनना फार होतो, ती त्यांची मजाच आहे. पण त्या झटक्यात फ्लिप शेवटच्या अडणीवर आदळते आणि ढिलेपणाची सुरुवात तिथून होते. अंगठ्याने उघडा आणि शेवटपर्यंत हात सोडू नका.

फ्लेक्स मिळतच नसेल तर

जुन्या मॉडेलांची नवी फ्लेक्स मिळणं दिवसेंदिवस कठीण होतंय. मग उरतो तो त्याच मॉडेलचा दुसरा बंद फोन. तो घेताना पडद्याला तडा गेलेला किंवा बोर्ड मेलेला, पण बिजागरी घट्ट असलेला निवडा. तिथली फ्लेक्स बहुधा कमी वापरलेली असते. फ्लेक्सच्या तक्रारीमुळेच बंद पडलेला फोन घेऊन काही हाती लागणार नाही.

काढलेली फ्लेक्स बसवण्याआधी वर सांगितलेली मीटरची चाचणी प्रत्येक पिनवर करा. वेळ लागतो, तरी करा, कारण बसवल्यावर कळलं तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. आणि जुन्या फ्लेक्सचा वेढा वर्षानुवर्षं एका दिशेने मुरलेला असतो. तुमच्या फोनमध्ये बसवताना तीच दिशा, तेवढेच वेढे ठेवा. उलटा पीळ देऊन बसवलेली जुनी पट्टी मीटरवर पूर्ण पास झालेली असली तरी टिकत नाही.